कावासुगीच्या पाण्याबाहेर

जर्सी सिटी, न्यू जर्सी
रविवार, ३ मार्च १९९६

प्रिय दादा,

अकरा वर्षांनी लिहीत आहे, तेव्हा प्रकृतीच्या चौकशीने सुरुवात करणे खोटेपणाचे होईल. काम आहे म्हणून लिहीत आहे.

विवेकचे लग्न ठरत आहे. आधी ‘ठरले आहे’ असे लिहिले होते, ते खोडले. मुलीचे नाव राधिका कारखानीस. दोघे मॅनहॅटनला एकाच कचेरीत कामाला आहेत. मुलीचे वडील नरेंद्रराव इंजिनियर आहेत, एका जपानी कंपनीत अठरा वर्षे. आई वसुधाताई. घर इथून तासाभरावर, एडिसनला. माणसे सुसंस्कृत आहेत. ३१ ऑगस्ट ही तारीख दोन्ही घरांनी मनात धरली आहे.

मागल्या रविवारी जेवताना विवेक म्हणाला, “बाबा, एकनाथकाका नसतील तर आय अ‍ॅम नॉट डुइंग इट.” मी म्हटले, काका निवृत्तीच्या गडबडीत असतील. तो म्हणाला, “तुम्ही विचारलंत?” मी विचारलेले नव्हते. आता विचारतो आहे.

तू यावेस. तिकिटाची व व्हिसाच्या कागदांची व्यवस्था माझ्याकडे. मात्र काही गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या, कारण मागाहून गैरसमज नकोत. इथे आम्हाला सर्व जण सावनेरकर म्हणून ओळखतात. मी १९६६ साली मुंबईत राजपत्रात नाव बदलले तेव्हा तू नाराज झाला होतास. त्याची पुन्हा चर्चा नको. लग्नापुरते तुलाही कोणी सावनेरकर म्हटले तर तू दुरुस्त करू नयेस, एवढेच. लोको शेडमध्ये काय काम करत होतास असे विचारल्यास ‘रेल्वेत होतो’ हे पुरेसे आहे. भेटल्यावर नमस्कार म्हणावे. आणि सदरे पूर्ण बाह्यांचे आणावेत. ऑगस्टमध्ये इथे उकाडा असतो, हे मला माहीत आहे. तरी पूर्ण बाह्यांचेच.

शेवटच्या मुद्द्याचे कारण तुला सांगायला नको. ते कारण तुझ्याही उजव्या हातावर आहे आणि माझ्याही. छप्पन सालच्या ऑक्टोबरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, मैदानाबाहेर गोंदणाऱ्या बाईसमोर तू माझे मनगट धरून बसला होतास. मी चौदा वर्षांचा होतो, रडेन म्हणून. मी रडलो नाही. ती चार अक्षरे कोपरापासून चार बोटे खाली आहेत, आणि गेली तीस वर्षे मी अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला नाही. विवेक लहान असताना पोहायच्या तलावावर मी बूट-मोज्यांसकट खुर्चीवर बसत असे. इथल्या आया मला शिस्तीचा माणूस समजत.

हे लग्न व्हावे अशी माझी फार इच्छा आहे. कारखानिसांना आपले काही ठाऊक नाही. लग्नानंतर हळूहळू कळले तर कळू द्यावे, असा माझा विचार आहे.

आणखी एक. मेअखेर नरेंद्रराव कचेरीच्या कामाने जपानला जात आहेत. साठलेल्या विमानमैलांवर ते दोन्ही घरांना घेऊन जाऊ म्हणतात. त्यांच्या आवडीचे डोंगरातले एक गाव आहे, कावासुगी. तिथे जमिनीतून कढत पाणी येते. “लग्नाआधी दोन्ही घरांनी चार दिवस एका छपराखाली काढावेत,” असे त्यांचे म्हणणे. नाही म्हणण्यास कारण सापडले नाही.

उत्तर घरच्या पत्त्यावर न पाठवता कचेरीच्या पत्त्यावर पाठवावे. तो खाली देत आहे. तिथे मराठी वाचणारे कोणी नाही.

तुझा,
ज्ञानदेव


जर्सी सिटी
रविवार, १४ एप्रिल १९९६

प्रिय दादा,

तुझे पत्र पोचले. त्याला पत्र म्हणायचे तर दोन ओळी आहेत: ‘मी बारा महिने अर्ध्या बाह्यांचा सदरा घालतो. तिकडच्या हवेची मला माहिती नाही.’ आणि पाकिटाच्या मागे, तुझ्या नावाच्या वर, बोटभर जाड अक्षरांत ते दोन शब्द, जे लिहू नकोस असे मी पंच्याऐंशी साली तुला कळवले होते. त्यानंतर तू पाकिटावर काय, आतही काही लिहिले नव्हतेस. माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या बाईंनी पाकीट आणून देताना विचारले, “हे सुंदर आहे, काय लिहिलंय?” मी म्हटले, पत्ता.

तू येणार की नाही ते त्या दोन ओळींवरून ठरवता येत नाही. मी ‘नाही’ असे धरून चाललो होतो. विवेकला मात्र सांगितले की काकांचे उत्तर आले, विचार करत आहेत. हे खोटे आहे असे तू म्हणशील. अगदीच खोटे नव्हे.

दरम्यान एक अडचण उभी राहिली आहे. परवा कारखानिसांकडे जेवायला होतो. कावासुगीचे बेत चालले होते. नरेंद्रराव मोठे बोलके आहेत. वाढता वाढता त्यांनी स्नानाचे नियम सांगितले. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. आधी लाकडी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ घासायचे, मग सगळ्यांच्या हौदात उतरायचे, गळ्यापर्यंत. आणि अंगावर काही नाही.

“काही नाही म्हणजे?” मी विचारले.

“काही नाही म्हणजे काही नाही, ज्ञानदेवराव. लंगोटसुद्धा नाही. कंपनीचा अध्यक्ष असो की टपालवाला, सगळे जन्माला आले तसे.”

वसुधाताई म्हणाल्या, “जेवताना काय हे, नरेंद्र.”

“अगं, व्याही होणार आम्ही. लपवायचं काय?”

सगळे हसले. मीही हसलो. विवेक हसला नाही, तो माझ्या बाहीकडे पाहत होता. मग नरेंद्ररावांनी, सहज, आणखी एक नियम सांगितला: अंगावर गोंदलेले असेल त्याला तिथे आत घेत नाहीत. तिकडे गुंड टोळ्यांचे लोक अंगभर गोंदून घेतात, म्हणून सरसकट बंदी. “आपल्याला काय त्याचं,” ते म्हणाले आणि मला आणखी आमटी वाढली.

म्हणजे दोन बाजूंनी कोंडी आहे. जपान्यांना ती अक्षरे वाचता येणार नाहीत, पण ते हात पाहतील. नरेंद्ररावांना ती वाचता येतील. जाणे रद्द केले तर संशय, गेलो आणि स्नान टाळले तर त्याहून मोठा संशय. मी सर्दीचे, रक्तदाबाचे, त्वचेच्या विकाराचे कारण तपासून पाहिले. चार दिवस पुरेल असे एकही नाही.

होबोकनला एक त्वचेचे डॉक्टर लेझरने गोंदण पुसतात, त्यांच्याकडे चौकशी केली आहे. सहा आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच वेळा जावे लागते. चौकशी केली आहे, एवढेच.

शोभनाला सांगितले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “हातावरचं पुसाल. माझ्या कपाटाच्या दारावर आतून बाबासाहेबांचा फोटो लावलाय, बावीस वर्षं दार लावूनच त्यांच्याकडे पाठ केलीय. तोही काढायचा का, तेवढं सांगून ठेवा.” मी म्हटले, विषय फोटोचा नाही. ती म्हणाली, “बरं.”

आज चौदा एप्रिल. आपल्या लोकांनी एका शाळेचे सभागृह घेतले आहे, नागपूर-अमरावतीकडची वीसेक कुटुंबे असतील. शोभना सकाळी पांढरी साडी नेसून एकटीच बसने गेली. मी घर सांभाळत आहे.

तुझा,
ज्ञानदेव


कावासुगी, जपान
बुधवार, २९ मे १९९६, सकाळ

प्रिय दादा,

हे पत्र बुटक्या टेबलापाशी मांडी घालून लिहीत आहे. खोलीत खुर्ची नाही, जमिनीवर गवताच्या घट्ट चटया आहेत. खिडकीखाली नदी आहे आणि नदीच्या दोन्ही काठांवर तीन मजली लाकडी घरे. रस्त्याच्या गटारांतूनही वाफ येते. सगळ्या गावाला गंधकाचा वास आहे, पहिल्या दिवशी नकोसा वाटतो, दुसऱ्या दिवशी जाणवत नाही. माणसे सुती झगे घालून, लाकडी खडावा वाजवत, हातात छोटा टॉवेल घेऊन एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. परवा मी झगा उजवा पदर वर घेऊन बांधला होता. घराच्या मालकीणबाई घाईने पुढे आल्या आणि त्यांनी तो सोडून डावा वर करून दिला. नरेंद्ररावांनी सांगितले, तसा फक्त प्रेताला घालतात.

मी तुला मागच्या पत्रात जे लिहिले ते पूर्ण नव्हते. होबोकनच्या डॉक्टरांकडे मी फक्त चौकशी केली नव्हती. २२ मार्चला, स्नानाचे नियम कळण्याच्याही आधी, पहिल्यांदा गेलो होतो, ३ मेला पुन्हा. तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली तेव्हा माझ्या हातावर फोड होते. गरम तेलाचे थेंब उडावेत तसे वाटते. अक्षरे फिकी झाली, राखाडी. वाचता येऊ नयेत इतकी झाली नाहीत. डॉक्टर म्हणाले, शाई जुनी आहे, खोल गेली आहे.

त्यामुळे मी पट्टी बांधून आलो. विमानात कॉफी सांडली असे सांगितले. शोभना त्या वेळी खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारी प्रवासाचा शीण म्हणून निभावले. काल, मंगळवारी, दुपारी चार वाजता नरेंद्ररावांनी दारावर टकटक केली. “चला, आता सोडत नाही. सासरी आल्यासारखं किती लाजाल.” विवेक त्यांच्या मागे उभा होता.

स्नानगृहाच्या दारावर पुरुषांसाठी निळा पडदा आहे. आत वेताच्या टोपल्या, त्यांत कपडे ठेवायचे. आम्ही तिघांनी ठेवले. दादा, मी चोपन्न वर्षांचा आहे. मुलासमोर आणि होणाऱ्या व्याह्यासमोर तसे उभे राहण्याची मला सवय नाही. माझ्या अंगावर फक्त पट्टी होती, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष तिच्याकडेच जाणार हे उघड होते. हे आधी माझ्या ध्यानात यायला हवे होते.

तिथली व्यवस्था पाहणारे एक सत्तरीचे गृहस्थ आहेत. त्यांनी पट्टीकडे बोट करून काही विचारले.

नरेंद्रराव म्हणाले, “तो म्हणतो, उघडी जखम असेल तर पाण्यात येऊ नका. सगळ्यांचं पाणी आहे. नुसती लाली असेल तर दाखवा.”

इथे मला सुटका होती. जखम आहे म्हणून परत फिरता आले असते, चार दिवस त्याच एका शब्दावर निघाले असते. मी तोंड उघडले. तेवढ्यात विवेक म्हणाला, “जखम नाहीये, बाबा.”

माझ्याशी बोलल्यासारखे म्हणाला, पण ऐकवले नरेंद्ररावांना.

मी पट्टी सोडली. त्याने भाग पाडले असे म्हणता येणार नाही. हात माझे होते. दोन वेढे, तीन वेढे, मग कापूस. ते गृहस्थ एक पाऊल मागे सरले. नरेंद्रराव वाकून बघू लागले. चार अक्षरे वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून त्यांना बराच जास्त लागला. मग ते सरळ झाले आणि त्या गृहस्थांशी भरभर जपानीत बोलले. म्हाताऱ्यांचा चेहरा निवळला.

“मी सांगितलं,” नरेंद्रराव खालच्या आवाजात म्हणाले, “की देवाचं नाव आहे, आमच्याकडे असं गोंदतात. तो म्हणतो, मग टॉवेल गुंडाळून उतरा, आत्ता गर्दी नाही. चला. आणि हे आपल्यात राहील. बायकांना कशाला.”

त्यांनी ते चांगुलपणाने म्हटले, हे मी तुला स्पष्ट लिहितो. माझे काम तुला माहीत आहे: जहाजावर माल चढतो तेव्हाची कागदपत्रे तपासणे. खोक्याला ओरखडा असेल तर तो कागदावर लिहायचा. न लिहिता सही केली तर माल ‘निर्दोष’ जातो आणि पुढे सगळ्यांची सोय होते. आयुष्यात मी अशी सही कधी केलेली नाही. स्वतःच्या बाबतीत रोज केली. तिथे पुन्हा करायची होती, आणि या खेपेला ती लिहून दुसऱ्याने आणून दिली होती.

“हे देवाचे नाव नाही, नरेंद्रराव,” मी म्हटले.

“अहो, ठाऊक आहे मला.”

“मग त्यांना खरे सांगा.”

“आत्ता? असं उभं राहून? कपडे तरी घालू द्या माणसाला.” ते हसण्याच्या प्रयत्नात होते. “आणि सांगू काय? माझं जपानी ऑफिसपुरतं आहे.”

“तुम्हाला मराठीत समजले ना, तेवढे पुरे आहे. त्यांना सांगा, हे माणसाचे नाव आहे. आमच्या माणसाचे. मी मुद्दाम गोंदून घेतले आहे.”

‘आमच्या’ हा शब्द मी नरेंद्ररावांसमोर प्रथमच उच्चारला.

त्यांनी सांगितले. वाक्य लांब झाले. म्हाताऱ्यांनी ऐकून एकच प्रश्न विचारला.

“विचारतो, टोळीचं नाही ना.”

“नाही.”

“पण देवाचंही नाही.”

“नाही.”

त्या गृहस्थांनी खूप खाली वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हात मनगटांशी एकमेकांवर ठेवून फुली केली. त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.

मी झगा घातला, डावा पदर वर, आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. थोड्या वेळाने ते गृहस्थ आले. त्यांनी त्याच झऱ्याचे पाणी एका लाकडी बादलीत भरून आणले होते. ती माझ्या पायांपाशी ठेवली, हाताने खूण केली, पाय घाला. पुन्हा वाकले.

आत सगळ्यांचा हौद, आणि बाहेर माझ्यासाठी वेगळे भांडे. दादा, आपले आबा गावच्या विहिरीवर ओंजळ धरून उभे राहत ते तू पाहिलेले आहेस, मी फक्त ऐकले आहे. त्या म्हाताऱ्यांचा काही दोष नव्हता. त्यांना माझ्या हातावरचे कळले नव्हते, आणि त्यांच्या परीने ते माझा मानच ठेवत होते. तरीही मी त्या बादलीत पाय घातले नाहीत. ती निवेपर्यंत बसून राहिलो. बेचाळीस मिनिटे लागली.

विवेक त्यांच्याबरोबर आत गेला होता. मला वाटले होते तो माझ्यापाशी बसेल. नंतर त्याने सांगितले की आतच कोणीतरी असायला हवे होते. हौदात नरेंद्ररावांनी त्याला एवढेच विचारले, “राधिकाला माहीत होतं?” तो म्हणाला, “दोन वर्षांपासून.” त्यावर ते गळ्यापर्यंत खाली गेले आणि म्हणाले, “म्हणजे मलाच माहीत नव्हतं.”

बाहेर आले तेव्हा लालबुंद झाले होते. त्यांनी यंत्रातून थंड दुधाच्या तीन बाटल्या घेतल्या, एक मला दिली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “वसुधाला मी सांगतो. तुम्ही नका सांगू.”

रात्रीच्या जेवणाला वसुधाताई आल्या नाहीत; डोके दुखत होते असे कळले. अजून दोन दिवस इथे आहोत.

तुझा,
ज्ञानदेव


जर्सी सिटी
रविवार, १६ जून १९९६

प्रिय दादा,

काल शनिवारी नरेंद्रराव आले. एकटे. येण्यापूर्वी फोन केला होता, आणि विवेक घरी नसेल अशी वेळ त्यांनीच निवडली. शोभनाने चहा ठेवला. त्यांनी घेतला, पूर्ण घेतला. हे मी पाहत होतो, आणि मी पाहतो आहे हे ते पाहत होते.

“मी असलं काही मानत नाही, ज्ञानदेवराव. तुम्ही मला ओळखता.”

“मग मानतो कोण?”

“मानत कोणीच नाही हो. पण कळलं की होतं काहीतरी.” ते बराच वेळ बशी फिरवत राहिले. “वसुधाची आई दादरला आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची. माझे दोन भाऊ. तुम्ही आधी सांगायला हवं होतं. जातीचं नाही म्हणत मी. तुम्ही माझ्या घरी दहा वेळा जेवलात आणि मला मूर्ख बनवलंत.”

हे बरोबर होते. मी तसे म्हटले.

मग त्यांनी तोडगा मांडला. लग्न ठरल्या तारखेला व्हावे. नगरपालिकेत नोंदणी, संध्याकाळी इथल्याच मित्रांचे जेवण. भारतातून कोणाला बोलवायचे नाही. त्यांच्याकडचेही नाही, आपल्याकडचेही नाही. “दोन्हीकडे सारखं. कोणाला कमीपणा नाही.”

शोभना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, “सारखं कसं? तुमचे येऊ शकतात म्हणून नाहीत. आमचे येऊ नयेत म्हणून नाहीत.”

नरेंद्रराव म्हणाले, “वहिनी, मी मार्ग काढतोय.”

“काढा ना. मी चहा आणखी टाकते.”

मी उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली.

हा तोडगा मला सोयीचा वाटला, हे मी लिहून ठेवतो. तू येणारच नाहीस असे मी धरले होते, मग जे होणारच नाही ते सोडून द्यायला काय हरकत. लग्न झाले असते. नरेंद्ररावांनी काय मांडले हे विवेकला सांगितलेच नाही, कारण काका नसतील तर लग्न नाही हे तो आधीच म्हणाला होता. काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत माझा असा निश्चय होता की ऑगस्टच्या सुरुवातीला त्याला सांगावे, काकांना व्हिसा नाकारला. मुंबईच्या वकिलातीत रोज शेकडो लोकांना नाकारतात, कोणाला शंका आली नसती. मी त्या वाक्याची तारीखसुद्धा ठरवली होती.

दुपारी शोभनाने विचारले, “काय ठरवलंत?” मी तिला ते वाक्य सांगितले. ती उठून आत गेली आणि मला कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला. ते तिने अजून लावलेले नाही. कावासुगीला गेलेल्या माणसाला हे सुचले, याचे मला आता आश्चर्य वाटते. सुचले तेव्हा वाटले नव्हते.

डॉक्टरांकडची तिसरी वेळ शुक्रवारची होती. ती रद्द केली.

तुझा,
ज्ञानदेव


जर्सी सिटी
रविवार, ३० जून १९९६

प्रिय दादा,

मुदत आज संपत होती. मी बुधवारीच नरेंद्ररावांना फोन केला. म्हटले, माझा थोरला भाऊ लग्नाला असेल. त्याचे नाव एकनाथ गजभिये. नागपूरच्या लोको शेडमध्ये त्याने पस्तीस वर्षे फिटरचे काम केले. जो विचारेल त्याला हेच सांगितले जाईल, आणि तो स्वतःच सांगेल.

ते म्हणाले, “मग आम्हाला विचार करायला हवा.”

“करा,” मी म्हटले. “तुमचे भाऊही बोलवा. मला आवडेल.”

“तुम्ही तिथे त्या म्हाताऱ्याला देवाचं नाव म्हणून जाऊ दिलं असतंत, तर आज हे काहीच नसतं.”

“होय,” मी म्हटले. “काहीच नसते.”

त्यांनी फोन आपटला नाही. हळू ठेवला.

त्यानंतर विवेकला सगळे सांगितले, त्या व्हिसाच्या वाक्यासकट. तो म्हणाला, “यू वुड हॅव डन दॅट?” मी म्हटले, अठरा तास. तो उठून खाली फिरायला गेला आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरते बोलला. शुक्रवारी राधिका आली. तिने सांगितले की तारीख तीच, नोंदणी तीच, तिचे आईवडील येतील की नाही ते त्यांनी ठरवायचे. येताना तिच्या डोळ्यांवर सूज होती. ती मला काका म्हणते. त्या दिवशी जाताना वाकून नमस्कार करू लागली, मी थांबवले, तर म्हणाली, “नाही काका, आज करू द्या. घरी भांडून आलेय, कोणाला तरी करायचाय.” शोभनाने तिला जेवल्याशिवाय सोडले नाही.

म्हणजे लग्न होईल असे दिसते. कारखानीस त्यात असतील की नाही, हे मला माहीत नाही. वसुधाताईंनी फोन घेणे बंद केले आहे. विवेकला त्याच्या सासरचे दार उघडे राहावे म्हणून मी तीस वर्षे जे केले, तेच सोडून दिल्यामुळे ते कदाचित बंद होईल. हा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला. तो माझ्या बाजूने लागत नाही. तरी मला फोन पुन्हा करावासा वाटलेला नाही.

आता तुझे. सोबत निमंत्रणाचे पत्र, जामिनाचा कागद आणि माझ्या नोकरीचा दाखला आहे. वकिलातीत जाशील तेव्हा याच क्रमाने द्यावेस. अधिकारी एक प्रश्न हमखास विचारेल: निमंत्रण देणारा सावनेरकर, येणारा गजभिये, मग सख्खे भाऊ कसे? त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. त्याचे मी चार मसुदे केले. पहिल्यात ‘प्रशासकीय कारणास्तव’ होते, दुसऱ्यात ‘गावाच्या नावावरून, प्रचलित प्रथेनुसार’. तिसरा मसुदा दीड पानांचा झाला आणि त्यात माझे समर्थन होते. चौथा इंग्रजीत तीन ओळींचा आहे, त्याचा अर्थ असा: माझ्या भावाचे आडनाव आमच्या वडिलांचे आहे. माझे मी बदलून घेतले आहे. वडिलांचे नाव सांगण्याची मला भीती वाटत होती.

काल ते शिक्क्यासाठी आमच्या गल्लीतल्या नोटरीबाईंकडे नेले. ऑर्टिझबाई, साठीच्या, पोर्टो रिकोच्या. दुकानात फॅक्सचे यंत्र आणि लॉटरीची तिकिटेही असतात. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. एरवी त्या वाचत नाहीत, फक्त सही कुठे ते बघतात. मग वर बघून विचारले, “भीती कोणाची?”

मी म्हटले, लांबलचक गोष्ट आहे.

त्यांनी माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिले. शिक्का हातातून खाली ठेवला, समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “रांगेत कोणी नाही.”

मी बसलो, आणि त्यांना सांगितले.

तुझी वाट पाहणारा,
ज्ञानदेव